फ्लेक्सवर विमान छापता, मग ट्रान्सक्रिप्टही वेळेवर द्या
सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील नर्सिंग स्कूल-कॉलेजांचे संस्थाचालक आणि प्राचार्य यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की सांगली-मिरज रस्त्यावर, विट्याच्या आणि कराडच्या एसटी स्टँडसमोर आपले फ्लेक्स झळकायला लागतात. पांढऱ्या कोटातली हसरी मुलगी, पाठीमागे विमान आणि खाली ठळक अक्षरांत 'परदेशात नोकरीची सुवर्णसंधी'. ती ओळ वाचून जत, आटपाडी, माण, खटावकडचे आईबाप मुलीला घेऊन आपल्या ऑफिसात येतात. कुणी द्राक्षाच्या पैशातून फी भरतं, कुणी सोसायटीचं कर्ज काढतं. लांब जायची भीती या भागाला नाही. खानापूर-आटपाडीची घरं गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यासाठी पिढ्यानपिढ्या देशभर पसरली आहेत. मुलगी जर्मनीला जाणार म्हटलं की हे लोक घाबरत नाहीत, गावभर सांगतात.

मी मिरजेत जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केला, आखातात नोकरी करून परत आले आणि आता इथेच वॉर्डात आहे. ड्युटी सुटली की मागच्या बॅचच्या मुली फायली घेऊन घरी येतात. हा फॉर्म कसा भरायचा, हा कागद कुठून आणायचा, हेच विचारायला. तिकडे जागाच नाहीत म्हणून अडलेली मुलगी मला क्वचित भेटते. आपल्या ऑफिसातून एक सही, एक कागद किंवा एका ईमेलचं उत्तर मिळालं नाही म्हणून अडलेल्या मुली मात्र सारख्या भेटतात. हे पत्र त्यांच्यासाठी आहे.

आखाती देशांत लायसन्स काढायचं तर आधी डेटाफ्लो या कागदपत्रं पडताळणाऱ्या कंपनीचं व्हेरिफिकेशन लागतं. मुलीने अपलोड केलेल्या मार्कशीटवर ते लोक विश्वास ठेवत नाहीत. कॉलेजला, नर्सिंग कौन्सिलला आणि तिने जिथे नोकरी केली त्या हॉस्पिटलला ते थेट विचारतात, की हा कागद तुम्हीच दिलाय का. उत्तर आलं नाही तर रिपोर्टवर 'पडताळणी होऊ शकली नाही' असा शेरा पडतो. मग लायसन्ससाठीची प्रोमेट्रिकची परीक्षा पास झालेली असली तरी ती तशीच पडून राहते.

आटपाडी तालुक्यातल्या एका मुलीचं असंच झालं. तिच्या स्कूलच्या लेटरहेडवर जो जीमेलचा पत्ता छापलाय, ते खातं एका जुन्या क्लार्कने उघडलं होतं. क्लार्क नोकरी सोडून गेला, पासवर्डही त्याच्याबरोबर गेला. डेटाफ्लोचे मेल येत राहिले, कुणी उघडले नाहीत. मुलीचे वडील स्कूलमध्ये चकरा मारत राहिले आणि दर वेळी एकच उत्तर ऐकत राहिले, "आमच्याकडे पोस्टाने काही आलेलं नाही." तिकडच्या हॉस्पिटलने थांबायचं तेवढं थांबून दुसऱ्या मुलीला घेतलं. या मुलीचे मार्क चांगले होते, आयसीयूचा अनुभव होता, इंग्रजी बरं होतं. जे तिच्या हातात होतं ते सगळं तिने केलं होतं.

दुसरी अडचण ट्रान्सक्रिप्टची. आपल्या ऑफिसात ट्रान्सक्रिप्ट म्हणजे मार्कशीटची टाईप केलेली प्रत, असा समज आहे. तिकडच्या नियामकांना मार्क फारसे नको असतात, त्यांना तास हवे असतात. मेडिकल-सर्जिकल, बाळंतपण, बालरोग, मनोरुग्ण, कम्युनिटी या प्रत्येक विषयाचे वर्गातले किती आणि वॉर्डातले किती, हे त्यांना स्वतंत्र लागतं. युरोपीय संघाच्या नियमात जनरल नर्सच्या शिक्षणाला किमान ४६०० तास धरलेत आणि त्यातले निदान निम्मे प्रत्यक्ष रुग्णाजवळचे असावे लागतात. जर्मनीत अर्ज केला की आपल्या अभ्यासक्रमाची त्यांच्या अभ्यासक्रमाशी तुलना करून कुठे किती कमी पडतं याचं पत्र येतं. जेवढं कमी, तेवढं तिकडे पुन्हा शिकायचं किंवा परीक्षा द्यायची. कॅलिफोर्नियाचं बोर्ड त्याहून पुढे जातं. एखाद्या विषयाची थिअरी आणि त्याच विषयाची पोस्टिंग एकाच सुमारास झाली होती का, हेही ते तपासतं.

आता विचार करा, आपण काय देतो? बऱ्याच ठिकाणी सिलॅबसच्या पुस्तकात छापलेले तास जसेच्या तसे उतरवून शिक्का मारला जातो. एकाच बॅचच्या दोघींच्या ट्रान्सक्रिप्टमध्ये वेगवेगळे आकडे मी स्वतः पाहिलेत. कुठे मार्कशीटवर एक वर्ष आणि ट्रान्सक्रिप्टवर दुसरं. समोरच्याला त्यात बेपर्वाई दिसत नाही, त्याला बनावट दिसते. शिक्का तुमचा असतो आणि संशय मुलीवर जातो.

हे तास खरे असतील तर लिहायला जड का जावेत, हा प्रश्न मला पडतो. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण धरलेत आणि कॉलेजचं स्वतःचं शंभर खाटांचं हॉस्पिटल असावं असं म्हटलंय. मुली येरवड्याला किंवा रत्नागिरीला मनोरुग्णालयात पोस्टिंगला जातात, तेव्हा तिथे काय केलं, कोणते रुग्ण पाहिले, याचं लॉगबुक नीट भरून घ्या. सही घेऊन कपाटात ठेवा. दहा वर्षांनी तो कागद कुणाला तरी लागणार आहे.

कपाटाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. २०१९ च्या महापुरात सांगलीत कितीतरी घरांतली आणि कार्यालयांतली कागदपत्रं चिखलात गेली. तेव्हापासून मी मुलींना पहिलं हेच सांगते, की सगळं स्कॅन करून ठेवा. पण संस्थेचं रजिस्टर मुलगी स्कॅन करू शकत नाही, ते तुम्हालाच करावं लागेल. आणि ज्या स्कूल मधल्या काळात निघाल्या आणि बंद पडल्या, तिथे शिकलेल्या मुलींनी जायचं कुणाकडे? संस्थेच्या जागेवर आज मंगल कार्यालय आहे. आपल्यापैकी ज्यांनी एखादं युनिट बंद केलंय त्यांनी त्याचं रेकॉर्ड कुठे ठेवलंय हे निदान शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाला आणि नर्सिंग कौन्सिलला लेखी कळवावं.

नावाचा घोळ तर आपल्याकडे घरोघरी आहे. मार्कशीटवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्न झालं की वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव आणि आडनावही नवीन. त्यात इंग्रजी स्पेलिंग लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. दहावीच्या सर्टिफिकेटवर एक, कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनवर दुसरं. इथे आपण सगळे ओळखतो म्हणून चालून जातं. तिकडच्या कम्प्युटरला त्या दोन वेगळ्या बाया वाटतात. मग राजपत्रात नाव छापून आणा, प्रतिज्ञापत्र करा, कौन्सिलच्या चकरा मारा. प्रवेशाच्या दिवशी दहावीचं सर्टिफिकेट समोर ठेवून स्पेलिंग तपासलं आणि "पासपोर्ट आत्ताच काढून घे, याच नावाने काढ" एवढं सांगितलं, तरी पुढचे सहा महिने वाचतात.

आणि मूळ कागदपत्रं अडवून ठेवणं आता थांबवा. बाँडच्या नावाखाली मुलींची ओरिजिनल सर्टिफिकेटं आपल्या तिजोरीत राहतात. भारतीय परिचर्या परिषदेने सर्व्हिस बाँडला आणि मूळ प्रमाणपत्रं ताब्यात ठेवण्याला कधीच हरकत घेतलेली आहे. मुलगी फी भरून शिकली, परीक्षा पास झाली, सर्टिफिकेट तिचं आहे. "दोन वर्षं आमच्या हॉस्पिटलला कर, मग देतो" हे बोलणं आपल्यासारख्या शिकलेल्या माणसांच्या तोंडी शोभत नाही.

फ्लेक्सवर आपण देशांची नावं एका ओळीत लिहिता, जणू सगळीकडे रस्ता सारखाच आहे. तसं नाही, आणि हे मुलींना पहिल्या वर्षातच कळायला हवं.

अमेरिकेला जायचं तर एनक्लेक्स-आरएन ही तिकडच्या नर्स लायसन्सची परीक्षा पास व्हावी लागते. ती मुंबईत देता येते आणि आपल्या मुली ती पास होतात. पण नर्सला तिकडे न्यायचा मुख्य मार्ग ग्रीन कार्डच्या ईबी-३ या नोकरीवर आधारित गटातून आहे. तिथे एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे भारतीयांची रांग दहा वर्षांहून लांब झालीय. परीक्षा झाली म्हणजे विमानात बसलो, असं समजून कुणी इथली नोकरी सोडू नये.

ब्रिटनचं चित्र दोन-तीन वर्षांत बरंच बदललं. कोरोनानंतर तिथल्या सरकारी हॉस्पिटलांनी भारतातून खूप नर्स नेल्या, आता त्यांची भरती मंदावली आहे. नर्सचा मार्ग बंद झालेला नाही. इंग्रजीसाठी आयईएलटीएसमध्ये सात, फक्त रायटिंगला साडेसहा चालतात, किंवा ओईटी ही दुसरी इंग्रजीची परीक्षा. मग सीबीटी ही कम्प्युटरवरची परीक्षा आणि तिकडे गेल्यावर ऑस्की ही प्रॅक्टिकल परीक्षा. बंद झाली ती 'केअर वर्कर'ची परदेशी भरती, २२ जुलै २०२५ पासून. त्याआधी आपल्याकडच्या कितीतरी जीएनएम आणि बीएस्सी झालेल्या मुली एजंटला लाखो रुपये देऊन या केअरच्या व्हिसावर गेल्या. नर्सचं रजिस्ट्रेशन नाही आणि काम वृद्धाश्रमात. त्यातही मालकाचं स्पॉन्सर लायसन्स, म्हणजे परदेशी माणसं कामावर घ्यायचा परवाना, रद्द झालं की नवा मालक शोधा, नाहीतर परत या. 'यूकेला नर्स म्हणून पाठवतो' म्हणणाऱ्याने व्हिसा नर्सचा आहे की केअररचा, हे पहिल्या मिनिटाला सांगायला पाहिजे. तो सांगत नसेल तर तुम्ही मुलींना विचारायला शिकवा.

आज सगळ्यात जास्त दार उघडं आहे ते जर्मनीचं. तिथली माणसं म्हातारी होत चालली आहेत आणि रुग्णालयांना हात कमी पडतायत. भारतीय कुशल कामगारांचे वर्षाचे व्हिसा २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचं जर्मन सरकारने २०२४ मध्ये जाहीर केलं. महाराष्ट्र शासनाने त्याच वर्षी फेब्रुवारीत बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला. त्यात दहा हजार कुशल तरुण पाठवण्याची गोष्ट आहे आणि त्यांत नर्सही आहेत. पण जर्मनीचं खरं फाटक भाषा आहे. भाषेच्या पायऱ्या ए-१, ए-२, बी-१, बी-२ अशा चढत जातात; जायला साधारण बी-१ आणि पूर्ण नर्स म्हणून मान्यता मिळायला बहुतेक ठिकाणी बी-२ लागतं. तोवर सहायक म्हणून कमी पगारावर काम करावं लागतं. इतकी भाषा यायला वर्ष जातं. आमच्या मुली त्यासाठी पुण्याला जातात, कॉटबेसिसवर राहतात, क्लासची फी भरतात आणि तेवढ्या काळात हातात पगार नसतो.

आपल्यापैकी किती कॉलेजांत जर्मनचा वर्ग आहे? तिसऱ्या वर्षापासून संध्याकाळी एक तास ठेवला तर पास होईपर्यंत मुलगी ए-२ सहज ओलांडते. सांगली, मिरज, कराड, सातारा इथल्या चार-पाच कॉलेजांनी मिळून एक चांगला शिक्षक ठेवला तर खर्चही अंगावर येणार नाही. राज्याने करार केलाय, तर त्या प्रशिक्षणातलं आपल्या जिल्ह्यांना काय मिळणार, हे तुम्ही संस्था म्हणून विचारा. एकटी मुलगी मंत्रालयात जाऊन काय विचारणार?

केरळकडे बघून मला फार वाटतं. त्यांनी परदेशी भरतीसाठी ओडेपेक ही सरकारी संस्था १९७७ मध्ये काढली, पुढे नोर्का रूट्स ही दुसरी सरकारी संस्था आली. जर्मनीच्या सरकारी यंत्रणेबरोबरच्या 'ट्रिपल विन' योजनेत तिथली नर्स एक पैसा न देता भाषा शिकून जाते. आपल्याकडे हुशारी कमी आहे असं कुणी म्हणू नये. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत हॉस्पिटल उभारलं. तेव्हापासून हे गाव रुग्णसेवेचं गाव आहे. कर्नाटकातून, कोकणातून पेशंट इथे येतात आणि त्यांना सांभाळणारे हात आपल्या मुलींचेच आहेत.

शिकवण्याबद्दलही एक बोलायचं आहे, ट्यूटर मॅडमनी राग मानू नये. ब्रिटनच्या ऑस्कीत दहा स्टेशन असतात. आपल्या मुलींचा हात साफ असतो, सलाईन लावणं, कॅथेटर, ड्रेसिंग यांत त्या कमी पडत नाहीत. नापास होतात त्या वेगळ्याच कारणाने. खोलीत शिरल्यावर स्वतःचं नाव सांगितलं नाही, पेशंटचं नाव आणि जन्मतारीख मनगटाच्या पट्टीशी ताडून पाहिली नाही, कसली ॲलर्जी आहे का विचारलं नाही, हात लावण्याआधी परवानगी घेतली नाही. आपल्या प्रॅक्टिकल परीक्षेत मुलगी ट्रेवरचं सामान घडाघडा सांगते आणि कॉटवरच्या माणसाशी एक शब्द बोलत नाही, तरी तिला चांगले मार्क मिळतात. हे बदलायला पैसा लागत नाही. बदललं तर मिरजेच्या पेशंटचंही भलं होईल.

जर्मनीत गेलेल्या मुलींना धक्का बसतो तो अंघोळ घालणं, भरवणं, डायपर बदलणं याचा. इथे ते नातेवाईक करतात किंवा मावशी करतात. तिकडे ते नर्सचंच काम आहे, शिकलेल्या नर्सचं. ही गोष्ट आधी कळली तर मुलगी मनाची तयारी करून जाते. न कळता गेली तर पहिल्या महिन्यात घरी फोन करून रडते, की मला मोलकरीण केलं.

एजंटांबद्दल आपण गप्प राहता, ते बरोबर नाही. काही ठिकाणी तर त्यांचे सेमिनार आपल्याच हॉलमध्ये होतात. परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी असलेल्या एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं. त्याचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर बघता येतो. ब्रिटनच्या भरतीच्या आचारसंहितेत तर एजन्सीने नर्सकडून फी घ्यायचीच नाही असं आहे. सौदी, कुवेत, अमिरातींसह अठरा देशांत जाणाऱ्या नर्सला २०१५ पासून एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे नोकरीसाठी देशाबाहेर जायची सरकारी परवानगी लागते, मग तिचा पासपोर्ट कोणत्याही प्रकारचा असो. 'व्हिजिट व्हिसावर चल, तिथे गेल्यावर बदलून देतो' म्हणणारा माणूस तिला नेमकं याच संरक्षणाबाहेर काढत असतो. त्या वाटेने गेली तर प्रवासी भारतीय विमा योजनेचं दहा लाखांचं कवचही मिळत नाही. हॉल भाड्याने देण्याआधी एजंटचा नोंदणी क्रमांक मागा, एवढं तर आपण करू शकता.

आपल्यातले काही जण म्हणतात, सगळ्या मुली बाहेर गेल्या तर इथले वॉर्ड कोण सांभाळणार. हा प्रश्न खरा आहे आणि रात्रपाळीत एकटीने वॉर्ड ओढताना मला तो रोज पडतो. पण मुलीची सर्टिफिकेटं दाबून त्याचं उत्तर मिळणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राच्या समितीने शिफारस केली होती की ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला किमान २० हजार रुपये द्यावेत आणि २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार द्यावा. आपल्यापैकी बऱ्याच संस्थांची स्वतःची हॉस्पिटलं आहेत. तिथे हा पगार सुरू करा. निम्म्या मुली आईबापांजवळ राहणं पसंत करतील, हे मी त्यांच्यात बसणारी बाई म्हणून सांगते. ज्यांना तरीही जायचं असेल त्यांना सन्मानाने जाऊ द्या.

यंदाचे प्रवेश सुरू होण्याआधी प्रत्येक संस्थेने संस्थेच्या नावाचा एक ईमेल उघडावा. त्याचा पासवर्ड प्राचार्यांकडे असावा आणि व्हेरिफिकेशनच्या मेलला आठ दिवसांत उत्तर द्यायची जबाबदारी एका माणसावर नावानिशी टाकावी. ट्रान्सक्रिप्टची फी किती आणि ते किती दिवसांत मिळेल, हे ऑफिसच्या बाहेर फलकावर लिहावं. हॉस्पिटलच्या अनुभव प्रमाणपत्रावर रुजू होण्याची आणि सोडण्याची तारीख, वॉर्ड आणि खाटांची संख्या असावी. फ्लेक्सवर परदेश लिहायचा असेल तर आपल्या संस्थेतून आजवर किती जणी नर्स म्हणूनच गेल्या, तो आकडाही शेजारी लिहावा.

आपल्या ऑफिसातल्या क्लार्कना हे फॉर्म कधी कुणी समजावून दिले नसतील, हे मी जाणते. ज्या संस्थेला हवं असेल तिथे मी आणि आमच्या ग्रुपमधल्या बाहेर काम करून आलेल्या सिस्टर सुट्टीच्या दिवशी येऊ आणि डेटाफ्लोपासून जर्मनीच्या कागदांपर्यंत सगळं दाखवू. मानधन नको, कम्प्युटर आणि जुनी रजिस्टरं तेवढी समोर असू द्या.

आपली,
मिरजेत शिकलेली एक परिचारिका